परदेशी निघालाय? व्हिसाइतकीच घरातल्या लहानग्याचीही तयारी हवी

सुरत (प्रतिनिधी) : लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा या भागातल्या मराठी घरांत हल्ली एक विषय वरचेवर निघतो. कुणाचा मुलगा दुबईला लागला, कुणाच्या सुनेला ब्रिटनमध्ये नर्सिंगचं काम मिळालं, कुणाची कॅनडाची फाईल पास झाली. २०१९ मध्ये सुरतहून शारजाला थेट विमान सुरू झालं. डिसेंबर २०२३ मध्ये विमानतळाच्या नव्या टर्मिनलचं उद्घाटन झालं आणि दुबईची सेवाही सुरू झाली. परदेश आता मुंबईपलीकडची गोष्ट राहिलेला नाही.

एजंट, व्हिसा, बँकेचं कर्ज, तिकीट, किती किलो सामान यावर घरात महिनोन्‌महिने बोलणी चालतात. पाच वर्षांचं लेकरू तिथेच खाली बसून चित्र रंगवत असतं. त्याला कुणी काही सांगितलेलं नसतं, पण ते सगळं ऐकत असतं. शेवटी निघायच्या दिवशी त्याला सांगितलं जातं, "चल, विमानात बसून फिरायला जायचंय."

गडबड इथेच होते. फिरायला गेलेला माणूस परत येतो, हे लहान मुलालाही कळतं. आठ-दहा दिवस झाले की ते विचारतं, "आता घरी कधी जायचं?" तेव्हा आईबापाकडे उत्तर नसतं. नवं घर, नवी शाळा, नवी भाषा या तीन गोष्टींशी मूल झगडत असतानाच, आपल्या माणसांनी आपल्याला खोटं सांगितलं हेही त्याला कळतं. बाकीच्या अडचणी वेळेनुसार सुटतात. हा विश्वास परत कमवायला जास्त वेळ लागतो. म्हणून परदेशी जाण्याच्या यादीत पहिलं काम हे लिहा : मुलाला खरं सांगायचं, आणि वेळेत सांगायचं.

स्थलांतर आपल्याला नवं नाही

सुरतच्या मराठी माणसाला घर हलवणं कुणी शिकवायला नको. आज तिशी-चाळिशीत असलेल्या अनेकांचे आईवडील नंदुरबार, धुळे, जळगावकडून लूम, डाइंग मिल आणि मार्केटच्या कामासाठी इथे आले. १ मे १९६० पर्यंत सुरत आणि खानदेश एकाच मुंबई राज्यात होते. नंतर मध्ये राज्याची हद्द आली, तरी रेल्वे तीच राहिली. महापालिकेच्या शिक्षण समितीने गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू माध्यमाच्या शाळा चालवल्या, त्यामुळे आपल्या पोरांना मराठीत शिकता आलं.

पण त्या स्थलांतरात एक सोय होती. गाव एका रात्रीच्या अंतरावर होतं. आखाजीला, लग्नाला, कानबाईच्या रोटाला मूल गावी जाऊन यायचं. आजी महिनाभर इकडे येऊन राहायची. निरोप घ्यावा लागला तरी तो कायमचा वाटत नव्हता. परदेशी गेल्यावर ही ये-जा बंद होते. तिकिटाचा खर्च, रजा आणि व्हिसा पाहता पहिली दोन-तीन वर्षं अनेकांना येता येत नाही. "आम्ही नाही का आलो गाव सोडून, ह्याला काय होतंय?" असं आजोबा म्हणतात, तेव्हा हा फरक लक्षात ठेवायला हवा.

कधी सांगायचं, कसं सांगायचं

लहान मुलाला 'सहा महिने' म्हणजे किती ते कळत नाही. त्यामुळे वय बघून सांगावं. दोन-तीन वर्षांच्या मुलाला निघण्याच्या एक-दोन आठवडे आधी सांगितलं तरी चालतं. फार आधी सांगितलं तर ते रोज "आज जायचं?" विचारत राहतं. चार ते सहा वर्षांच्या मुलाला साधारण महिना-दीड महिना आधी सांगावं. सातच्या पुढच्या मुलाला मात्र जाणं पक्कं झालं की लगेच सांगा. त्याला शेजारच्या काकूंकडून कळता कामा नये.

तारखेपेक्षा सण सांगा. "गणपती बसतील, विसर्जन होईल, मग आपण जाऊ" हे मुलाला समजतं. घरात कालनिर्णय असतंच, त्यावर रोज एक दिवस मुलाच्या हाताने खोडायला द्या.

सांगताना चार गोष्टी स्पष्ट हव्यात. आपण कुठे जातोय, का जातोय, कोण कोण जातंय आणि कोण इथेच राहणार आहे. "बाबांना तिकडे काम मिळालंय. आपण तिघे तिकडे राहणार. आजी-आजोबा इथेच राहणार. आपण रोज फोन करू. परत कधी यायचं ते अजून ठरलेलं नाही, ठरलं की तुला सांगू." एवढं पुरे. माहीत नसेल ते 'माहीत नाही' म्हणून सांगितलं तरी मुलाला चालतं.

दोन टोकं टाळा. एक म्हणजे आमिष : "तिकडे रोज बर्फात खेळायचं, मोठ्ठं घर, भरपूर खेळणी." प्रत्यक्षात बहुतेकांचं पहिलं घर एक-दोन खोल्यांचं असतं, आईबाप दोघं कामावर जातात आणि खाली खेळायला कुणी नसतं. दुसरं म्हणजे धाक : "तिकडे असा हट्ट केलास तर पोलीस पकडून नेतील." नव्या देशात हरवलं तर मुलाने पोलिसाकडेच जायचं असतं. त्यालाच घाबरवून ठेवलं तर ते मदत कुणाकडे मागणार?

बाबा आधी गेले तर

आखात असो की कॅनडा, बऱ्याच घरांत नवरा किंवा बायको आधी जाते आणि बाकीचं कुटुंब सहा महिन्यांनी, वर्षाने मागून जातं. मुलासाठी हा मधला काळ सगळ्यात अवघड असतो. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना घरात काही बिनसलं की ते आपल्यामुळेच झालं असं वाटतं. "मी दंगा केला म्हणून बाबा गेले" हे ते बोलून दाखवत नाहीत, पण मनात धरून बसतात. म्हणून जाणाऱ्याने स्वतः, मुलाला जवळ घेऊन, सांगावं की मी कामासाठी जातोय, तुझ्यावर रागावून नाही.

मूल झोपेत असताना गुपचूप निघून जाऊ नये. रडारड वाचते, पण नंतर मूल झोपायलाच घाबरतं. उठल्यावर कोण गायब असेल, ही भीती बसते. व्हिडिओ कॉलची वेळ शक्यतो ठरलेली ठेवा. दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे असतं, त्यामुळे तिथून संध्याकाळी बोलणं सोपं जातं. टोरांटोत सकाळचे साडेसात वाजलेले असतात तेव्हा सुरतेत उन्हाळ्यात पाच आणि हिवाळ्यात सहा वाजतात. शाळेतून आलेल्या मुलासाठी ही वेळ बरी.

वहीत दोन रकाने

जमाखर्चाच्या वहीत करतो तसे एका पानावर दोन रकाने करा. एकीकडे 'सोबत येणार', दुसरीकडे 'इथे राहणार'. मुलाला लिहिता येत नसेल तर चित्र काढू द्या. सायकल राहणार, दप्तर येणार. मांजर राहणार, लाल मोटार येणार. राहणाऱ्या प्रत्येक वस्तूपुढे ती कुणाकडे राहील त्याचं नाव लिहा. सायकल मामाच्या मुलाकडे, पतंग-फिरकी वरच्या मजल्यावरच्या मित्राकडे. वस्तू टाकून दिली आणि वस्तू कुणाकडे तरी आहे, यात मुलाला मोठा फरक वाटतो.

२३ किंवा ३० किलोच्या हिशोबात आपण मुलाची खेळणी आधी बाहेर काढतो आणि कुकर, मसाले आत ठेवतो. मुलाला एक छोटी बॅग पूर्ण त्याची द्या. त्यात काय भरायचं ते त्याने ठरवावं. तुटकी बाहुली आणि मिलमधून आणलेल्या रंगीत चिंध्या भरल्या तरी हरकत नाही. झोपताना लागणारी छोटी गोधडी असेल तर ती विमानात हातातल्या सामानात ठेवा, आणि निघायच्या तोंडावर धुऊ नका. नव्या घरातल्या पहिल्या रात्री तिला येणारा घरचा वास हा मुलाचा मोठा आधार असतो.

खाऊबाबत मात्र जपून. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडमध्ये दूध-तुपाचे पदार्थ, बिया, सुका मेवा विमानतळावर जाहीर करावे लागतात. लपवल्यास दंड होतो. आजीने बांधून दिलेला डबा मुलासमोर कचऱ्यात जाण्यापेक्षा आधी नियम पाहून घ्या.

निरोप उरकू नका, घ्या

जॉन आणि रूथ हिल युसीम हे अमेरिकन समाजशास्त्रज्ञ जोडपं १९५० च्या दशकात भारतात राहून गेलं. इथे राहणाऱ्या अमेरिकन कुटुंबांचा अभ्यास करताना त्यांनी 'थर्ड कल्चर' ही कल्पना मांडली. आईबापाची एक संस्कृती, राहत्या देशाची दुसरी, आणि या दोन्हींच्या मध्ये वाढणाऱ्या मुलांची तिसरी. पुढे डेव्हिड पोलॉक आणि रूथ व्हॅन रेकन यांनी अशा मुलांवर पुस्तक लिहिलं. देश सोडताना करायच्या चार गोष्टी त्यांनी सांगितल्या आणि इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यांना 'राफ्ट', म्हणजे तराफा, असं नाव दिलं.

आपल्या भाषेत त्या अशा. पहिली, भांडणं मिटवणं. मुलाचं मित्राशी काही बिनसलं असेल तर जाण्याआधी बोलणं सुरू करून द्या. मोठ्यांच्या भाऊबंदकीलाही हे लागू आहे, कारण मूल ते बघतं. दुसरी, आभार मानणं. बाई, रिक्षावाले काका, अंगणवाडीतल्या ताई यांना मुलाच्या हाताने काही तरी द्या, कागदावर काढलेलं फूल चालेल. तिसरी, निरोप. माणसांचा घ्यायचा तसा जागांचाही घ्यायचा. शाळा, गणपतीचा मंडप, लोचोवाल्याची गाडी, तापीचा पूल. मुलाला त्यांचे फोटो काढू द्या. चौथी, पुढचा विचार. नव्या गावाचा नकाशा, शाळेचा फोटो, घराचा रस्ता हे मोबाईलवर आधीच पाहून ठेवायचं.

गावचा निरोपही यात धरा. निघण्याआधी दोन दिवस काढून मुलाला आजोळी नेऊन आणा. आजी रडेल. रडू द्या. मूल रडलं तर "शहाणी मुलं रडत नाहीत" म्हणू नका. जवळची माणसं सोडताना रडू येणं बरोबरच आहे, हे त्याला आपल्याकडूनच कळायला हवं.

घरची भाषा सोडू नका

"तिकडे जायचंय ना, मग आतापासून घरात इंग्रजीच बोला" असा सल्ला खूप मिळतो. तो ऐकू नका. सुरतच्या आपल्या मुलाकडे आधीच तीन-चार भाषा असतात : घरी अहिराणी किंवा मराठी, गल्लीत गुजराती, टीव्हीवर हिंदी. एक भाषा बाजूला ठेवून दुसरी बोलायची सवय त्याला जन्मापासून आहे. ही त्याची शिल्लक आहे.

कॅनडातले भाषा-अभ्यासक जिम कमिन्स यांनी दाखवलं की नव्या देशात रोजच्या बोलण्याइतकी भाषा मुलाला साधारण दोन वर्षांत येते, पण अभ्यासाला लागणारी भाषा पक्की व्हायला पाच ते सात वर्षं जातात. घरची भाषा मजबूत असेल तर नवीन भाषा शिकायला तिचा आधार होतो, हेही त्यांचं म्हणणं आहे. आईबापाच्या मोडक्या इंग्रजीपेक्षा चांगल्या मराठीत सांगितलेली गोष्ट मुलाच्या जास्त कामाची.

इंग्रजीची तयारी थोडी आणि नेमकी करा. मला शू लागली, मला पाणी हवं, माझं पोट दुखतंय, मला समजलं नाही, मला मदत करा. ही पाच वाक्यं इंग्रजीत घोकून घेतली तर पहिला महिना निभतो. बऱ्याच मुलांचा शाळेतला सुरुवातीचा काळ गप्प राहण्यात जातो. ती ऐकत असतात, साठवत असतात. घरी बोलत असतील तर घाबरू नका.

मराठीसाठी तिकडेही सोय आहे. महाराष्ट्र मंडळ लंडन १९३२ पासून आहे. उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाची स्थापना १९८१ ची, आणि तिथल्या अनेक गावांत मराठी शाळा भरतात. आखातातही मराठी मंडळं आहेत. पोहोचल्यावर शोधण्यापेक्षा निघण्याआधीच संपर्क करून ठेवा. अमिराती शाळांत मुलाला अरबीही शिकावी लागते, हे त्याला आधी सांगा, म्हणजे पहिल्या दिवशी धक्का बसणार नाही.

छोट्या सवयी, मोठी अडचण

चार-सहा आठवडे आधी घरात काही सवयी लावा. कमोडवर बसणं, स्वतः साफ करणं, चेन आणि बटण लावणं, डबा उघडून एकट्याने खाणं. तिकडच्या शाळेत भरवायला कुणी येत नाही. रस्त्यावर हात धरून चालणं, गाडीत मागे चाइल्ड सीटवर पट्टा बांधून बसणं याचीही आधी ओळख द्या. टू-व्हीलरवर पुढे उभं राहायची सवय झालेल्या मुलाला ते बांधून ठेवल्यासारखं वाटतं.

एक सवय मोठ्यांनी सोडायची आहे. मुलाला फटका मारणं अनेक देशांत कायद्याने बंद आहे. स्वीडनने १९७९ मध्ये सुरुवात केली, न्यूझीलंडमध्ये २००७ पासून आणि स्कॉटलंडमध्ये २०२० पासून बंदी आहे. तिथे गेल्यावर एकदम सुटत नाही, सराव इथेच करा.

कागदांमध्ये दोन राज्यांची भानगड

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं. त्यामुळे मूल सुरतचं, पण जन्मदाखला नंदुरबारचा किंवा अमळनेरचा, असं खूप घरांत आहे. पासपोर्टला याची अडचण नाही, अर्ज राहत्या पत्त्यावरून होतो. पण दाखल्यावर परदेशासाठी अपोस्टिल किंवा दूतावासाचा शिक्का लागणार असेल, तर आधी तो दाखला ज्या राज्याने दिला त्याच राज्याकडून प्रमाणित करून घ्यावा लागतो. म्हणजे महाराष्ट्राचा दाखला गुजरातमध्ये प्रमाणित होत नाही. यासाठी हाताशी वेळ ठेवा.

दुसरी भानगड नावांची. गुजरातच्या कागदांत वडिलांच्या नावाला 'भाई' आणि आईच्या नावाला 'बेन' चिकटतं, महाराष्ट्राच्या कागदांत ते नसतं. स्पेलिंगही बदलतं. शाळेचा दाखला, जन्मदाखला, आईबापाचे पासपोर्ट हे सगळं एकत्र ठेवून एकेक अक्षर जुळवा. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलाच्या पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्मदाखला चालतो. लहान मुलाचा पासपोर्ट पाच वर्षांसाठीच मिळतो, आणि अर्जासोबत आईबाप दोघांची संमती लागते. म्हणून एक जण आधी जाणार असेल तर मुलाचा पासपोर्ट त्याआधीच काढा. नंतर संमती तिथल्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित करून मागवावी लागते.

पासपोर्टवर नाव जसं आहे तसंच तिकडच्या बाई हाक मारतील. घरात 'सोनू' असलेल्या मुलाला स्वतःचं पूर्ण नाव, इंग्रजी स्पेलिंगसह, ओळखता आलं पाहिजे.

लसींचं कार्ड, गुजरातमध्ये ज्याला ममता कार्ड म्हणतात, ते जपून न्या. आपल्या सरकारी लसीकरणात गोवर-रुबेलाची लस असते, गालगुंड आणि कांजिण्यांची नसते. अमेरिकेत आणि कॅनडाच्या ऑन्टॅरिओसारख्या प्रांतात शाळा या लसींची नोंद मागते. डॉक्टरांना दोन-तीन महिने आधीच विचारा, कारण डोसांमध्ये अंतर ठेवावं लागतं.

पहिले तीन महिने

पोहोचल्यावर आधी मुलाचा कोपरा लावा, मग स्वयंपाकघर. झोपायची वेळ, झोपताना सांगायची गोष्ट, सकाळचं दूध हे सुरतेत होतं तसंच ठेवा. सगळं बदललेलं असताना एवढं तरी ओळखीचं राहतं.

मूल पुन्हा अंथरूण ओलं करेल, अंगठा चोखेल, आईला चिकटून राहील, चिडेल. बहुतेक मुलांचं हे काही आठवड्यांत कमी होतं. त्यावरून रागावू नका, चारचौघांत सांगू नका. पण दोन-तीन महिन्यांनंतरही खाणं-झोपणं बिघडलेलं असेल, घरातही बोलणं बंद झालं असेल किंवा खेळणं सोडलं असेल, तर डॉक्टरांना दाखवा. शाळेच्या बाईंनाही सांगा. बऱ्याच देशांत शाळेमार्फतच समुपदेशकाची मदत मिळते.

इथे राहिलेल्या आजी-आजोबांनाही एक काम आहे. कॉलवर "तुझ्याशिवाय करमत नाही, परत ये रे" असं सारखं म्हटलं तर मूल दोन्हीकडून ओढलं जातं. त्याऐवजी सायकलचं काय झालं, मांजरीला पिल्लं झाली का, आज कानबाईला काय काय केलं, हे दाखवा. आणि त्याच्या नव्या बाईंचं, नव्या मित्राचं नाव आठवणीने विचारा. तिकडचं सगळं आजीला सांगता येतं, एवढं मुलाला कळलं की इथलं घर त्याला सुटल्यासारखं वाटत नाही.